चिऱ्याच्या वाकड्या भिंतीवर सागाच्या पट्ट्या सरळ बसवायच्या तर

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरकडे आजोबांचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर आहे, माणसं ठाण्याला असतात आणि सुट्टीत येऊन राहतात. ओटीवरची एक भिंत दहा फूट रुंद, नऊ फूट उंच, जुन्या चुन्याच्या गिलाव्याची. तिच्यावर सागाच्या उभ्या पट्ट्या लावायच्यात, दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवून. गावातल्या सुताराने सहा फुटी पट्टी भिंतीला टेकवून दाखवली तर मागून करंगळी आरपार गेली. तो म्हणतो, आधी गिलावा काढून सिमेंटचा करून घ्या, मग मला बोलवा. शहरातून आणलेला दुसरा म्हणतो, ठोकून टाकू, मागची फट सिलिकॉनने भरू. ऐकायचं कोणाचं?

कोणाचंच नको. पहिल्याला दोष दिसलाय, पण औषध चुकीचं देतोय. चिरा पाणी पितो आणि सोडतो, चुन्याचा गिलावा त्याला तसं करू देतो. त्याच्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटायला लागतो. पट्ट्यांमागे हे चाललेलं दिसणारही नाही. दुसऱ्याबद्दल काय बोलणार! तो स्क्रू आवळेल तशी पट्टी भिंतीच्या खड्ड्यात ओढली जाईल, आणि भिंत जशी वाकडी आहे तशाच पन्नास पट्ट्या वाकड्या होतील. आज भिंतीचा वाकडेपणा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. उभ्या रेघा मारल्यावर तो पाहुण्यालाही दिसेल.

भिंत सरळ करायची नसते. तिच्या पुढे एक सरळ पातळी उभी करायची आणि सगळा वाकडेपणा मधल्या जागेत गाडायचा. दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या भिंतीला लागतच नाहीत. त्या लागतात मागच्या आडव्या पट्ट्यांना, आणि आडव्या पट्ट्यांमागे भिंतीच्या चालीप्रमाणे कमीजास्त पॅकिंग असतं. भिंतीचा आकार लाकडात उतरवायचा तो फक्त डावी-उजवीकडच्या दोन टोकाच्या पट्ट्यांत. बाकीच्या पट्ट्या कारखान्यातून आल्यासारख्या एकसारख्या राहतात.

आता सुरुवात मापाने. सुताराच्या बोलण्यात ‘सूत’ येईल. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. लाकूड सुतात मोजलं तरी चालतं, पण पॅकिंगचा हिशोब मिलिमीटरमध्ये करा, कारण प्लाय आणि सनमायका तसेच मिळतात.

भिंतीच्या चार कोपऱ्यांत २५ मि.मी. जाडीचे चार लाकडी ठोकळे ठोका. समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरके दोन दोरे ताणा, कैचीसारखे. दोरा प्लंबरचा नायलॉनचा, बोटाने छेडला तर वाजला पाहिजे इतका ताणलेला. दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना नुसते टेकले तर चारही ठोकळे एका पातळीत आहेत. टेकले नाहीत, समजा मध्ये ६ मि.मी. अंतर राहिलं, तर भिंतीकडच्या दोऱ्याच्या एका टोकाखाली १२ ची भर घाला किंवा दोन्ही टोकांखाली सहा-सहाची. एक टोक उचललं की मध्य निम्माच उचलला जातो, म्हणून हा दुपटीचा हिशोब. दोऱ्यांची अदलाबदल करूनही एकदा बघा, मागचा पुढे आणि पुढचा मागे. मागचा दोरा पुढच्याला ढकलत असेल तर पहिल्या खेपेला टेकलेलं दिसतं आणि आपण फसतो.

चार कोपरे जमले की आडवे दोरे ताणून दर दोन फुटांवर भिंतीपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तिथेच भिंतीवर पेन्सिलीने लिहा. कागदावर नको. कागद चहाखाली जातो. जिथे २५ येईल तिथे भिंत पातळीत, जिथे १२ येईल तिथे १३ चं पोट, जिथे ३४ येईल तिथे ९ चा खड्डा. लेझर असेल तर काम लवकर होतं, पण स्वस्त लेझरची रेघ लांबवर दोन-तीन मिलिमीटर जाड पडते. पाणसळ (आडवी पातळी दाखवणारी) आणि ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन, सरळ उभी रेघ दाखवणारं) जवळ ठेवाच.

आकडे लिहून झाले की लगेच पॅकिंगच्या मागे लागू नका, कारण सगळ्या भिंतीचं पॅकिंग एकच जागा ठरवत असते, जिथे पोट सगळ्यात पुढे आलंय ती. वरच्या उदाहरणात पोट १३ आणि खड्डा ९, म्हणजे खड्ड्यात २२ मि.मी. पॅकिंग. पण ते १३ चं पोट कशाचं आहे? बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव भिंत टणक वाजते, सुटलेला गिलावा बद्द वाजतो. माझ्या अनुभवात जुन्या चुन्याच्या भिंतीवरचं मोठं पोट बहुतेक वेळा चिऱ्याचं नसतं. तिथे गिलावा चिऱ्यापासून सुटून पुढे फुगलेला असतो. तेवढाच तुकडा छिन्नीने उतरवा आणि चुन्यानेच भरून घ्या, पातळीपेक्षा किंचित आत ठेवून. त्याच्या खालोखालचं पोट ३ मि.मी. निघालं तर पॅकिंग २२ वरून १२ वर आलं. दोन हात जागा खरवडून सगळ्या भिंतीचे १० मि.मी. वाचले, शिवाय सुटलेल्या गिलाव्यात स्क्रू मारायचं पापही टळलं. गावातल्या सुताराचं ‘गिलावा काढा’ एवढ्यापुरतं बरोबर होतं.

ओळंब्याबद्दल लोक गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. भिंतीला ओळंबा दोन दिशांनी असतो. एक पुढे-मागे, म्हणजे भिंत वर जाताना मागे कललीय का. दुसरा डावी-उजवीकडे, म्हणजे पट्टीची रेघ सरळ उभी आहे का. पहिल्यात मी फार सोवळं पाळत नाही. जुनी भिंत नऊ फुटांत चार-पाच सूत मागे गेलेली असते, पण समोर उभ्या माणसाला ते दिसत नाही. पातळी सपाट हवी. ती भिंतीबरोबर थोडी मागे रेलली तरी बिघडत नाही. तिला हट्टाने ओळंब्यात आणायला गेलात तर वरच्या बाजूला उगाच तेवढे चार-पाच सूत पॅकिंग वाढेल आणि स्क्रू तेवढेच लांब लागतील. दुसऱ्या दिशेला मात्र सूतभरही सूट नाही. तीन सूत कललेली एकटी पट्टी एक वेळ खपेल, पण शेजारी दाराची चौकट असेल तर पट्टी आणि चौकटीतली जागा वर एक, खाली दुसरी दिसते. फट डोळ्यांना खुपत नाही. फट बदलत गेलेली खुपते. चौकटच कललेली असेल (जुन्या घरात असतेच), तर चौकटीला लागून एक रुंद साधी फळी उभी करा, तिची एक कड चौकटीप्रमाणे आणि दुसरी ओळंब्यात. तिच्यापुढे पट्ट्या सुरू करा.

हे मी फुकट शिकलेलो नाही. चुलत्यांच्या हाताखालून सुटून पहिलं स्वतंत्र काम घेतलं ते दापोलीकडच्या एका घरात. कोपरा सरळच असणार असं धरून डावीकडच्या कोपऱ्यापासून पट्ट्या लावत निघालो, प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीला फटीच्या मापाचा ठोकळा लावून. उजवीकडे पोचलो तेव्हा शेवटच्या पट्टीला जागा उरली वर दोन इंच आणि खाली अर्धा इंच. मालक शिक्षक होते, काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तर त्या कोपऱ्यात पडदा लावलेला होता. तो पडदा अजून डोळ्यांसमोर येतो.

ठोकायच्या आधी ओल बघा. फूट बाय फूट प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर खाली, मध्ये आणि वर असा तीन ठिकाणी चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूला आले तर हवेतली आहे. भिंतीतून येत असेल तर आधी तिचं मूळ शोधा: पन्हळ गळतेय का, मागच्या बाजूला मातीचा भराव जोत्याच्या वर आलाय का. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्यापुढे तुमच्या पॉलिशचं काही चालत नाही. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर भिंत सुकलेली असते, तेव्हा धरा.

चिऱ्यात स्क्रू धरत नाही अशी तक्रार सगळेच करतात. धरतो, पण विटेसारखं वागवलं तर नाही. ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा. हातोडा चालू असला की दहाचं भोक बाराचं होतं आणि गट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) आत गरगर फिरते. बाहेर येणाऱ्या धुळीवर नजर ठेवा. आधी पांढरी येईल तो गिलावा, कुठे पाऊण इंच, कुठे दीड. मग तांबडी, रवाळ येईल तो चिरा. मऊ मातकट चिकट असं काही येऊ लागलं तर तुम्ही सांध्यात शिरलात. ते भोक सोडा आणि चार बोटं बाजूला सरका. भोक झालं की फुंकणीने धूळ काढा, मग ब्रश, पुन्हा फुंकणी. चिऱ्याची धूळ आत राहिली तर गट्टी धुळीला धरते, दगडाला नाही.

स्क्रूची लांबी अंदाजाने घेऊ नका. आडवी पट्टी २० मि.मी., पॅकिंग जास्तीत जास्त १२, गिलावा ३० धरा आणि चिऱ्यात किमान ५०. बेरीज ११२, म्हणजे १० बाय १२० ची लांब गट्टी, जी पट्टीतूनच आरपार जाते. ते पोट उतरवलं नसतं तर १४० ची घ्यावी लागली असती. भार मात्र तुम्हाला वाटतो तेवढा नाही. ४० बाय २० च्या नऊ फुटी पन्नास पट्ट्यांचा साग भरतो जेमतेम ७० किलो. पाच आडव्या पट्ट्यांना सहा-सहा ठिकाणी पकडलं तर तीस जागा, म्हणजे जागेला अडीच किलोच्या आसपास. वजनाने काही पडत नाही. लाकूड वाकायला लागतं तेव्हा ओढ येते, आणि गट्टी सुटते ती तेव्हा. एखादं भोक मोठं झालंच तर चुलत्यांची रीत: सागाची निमुळती खुंटी करून फेविकॉल लावून ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात स्क्रू घ्यायचा. आज रसायन भरून बसवायचे अँकर मिळतात, ते उत्तम, पण एक-दोन भोकांसाठी त्याची नळी फोडणं परवडत नाही.

आडव्या पट्ट्या पाच. सगळ्यात खालची जमिनीपासून तीन इंचांवर, सगळ्यात वरची माळ्याच्या फळ्यांखाली तेवढ्याच अंतरावर, मधल्या तीन सारख्या वाटून, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आत. दिसणार नाहीत म्हणून इथे साग नको, पण ओलं साधं लाकूडही नको. सुकलेलं सरळ रेषांचं हार्डवूड घ्या. प्रत्येक आडवी पट्टी सलग दहा फूट ठेवू नका. मध्ये दोन ठिकाणी चार-चार इंचांची जागा सोडा, आणि ती जागा पाचही पट्ट्यांत एकाखाली एक येऊ देऊ नका. मागून हवा खेळायला वाट राहते. उभ्या पट्ट्यांमागे प्लायचा सलग तक्ता लावायचा मोह होईल, तोही टाळा. भिंतच गडद रंगवा, काळसर तपकिरी डिस्टेंपरने. गडद रंगात मागचे खड्डे आणि पॅकिंगचे तुकडे दिसत नाहीत, आणि भिंत श्वासही घेते.

पॅकिंगला काय वापरायचं? ४, ६ आणि ९ च्या प्लायचे दोन इंची चौकोन, वर बारीक फरकासाठी सनमायकाचे १ मि.मी. आणि ०.८ मि.मी.चे तुकडे. दुकानात टाकाऊ म्हणून मागा, मिळतात. खालच्या दोन पट्ट्यांमागे प्लायऐवजी पीव्हीसी शीटचे तुकडे बरे, ओल धरत नाहीत. पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या घड्या, काडेपेटी असलं काही नको. स्क्रू आवळला की ते दबतं आणि पावसाळ्यात फुगतं. अगदी नेमकं अंतर हवं असेल तर जोडपाचर: एकाच ठोकळ्यातून तिरक्या कापलेल्या दोन पाचरी उलटसुलट ठेवून एकमेकींवर सरकवायच्या, हवी ती जाडी आली की थांबायचं, स्क्रू घ्यायचा आणि बाहेर आलेली टोकं करवतीने उडवायची.

आणि पॅकिंग स्क्रूच्या जागीच. शेजारी नाही, चार बोटांवर नाही. स्क्रू पॅकिंगच्या पोटातून गेला पाहिजे. मी उघडून पाहिलेल्या बिघडलेल्या कामांपैकी निम्म्यांत एवढीच चूक होती: पॅकिंग दोन स्क्रूंच्या मध्ये आणि स्क्रूने पट्टी दोन्ही बाजूंना आत ओढलेली. सुरुवात पोटाच्या जागेपासून करा, तिथे पॅकिंग जवळपास शून्य. नंतर टोकं. नंतर मधल्या जागा. सगळे स्क्रू आधी तीन-चतुर्थांशच आवळा, गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवून बघा आणि मग शेवटचा पीळ द्या. पीळ दिल्यावर पुन्हा बघा. शेवटच्या अर्ध्या पिळातच एखादी जागा मिलिमीटरभर आत जाते.

आता पट्ट्यांची वाटणी. भिंतीची रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. तुमची दहा फुटी भिंत वर ३०४८, मध्यावर ३०४० आणि खाली ३०५६ मि.मी. निघाली असं धरू; चिऱ्याच्या घरात एवढा फरक नेहमीचा. पट्टी ४० रुंद आणि फट साधारण २०. टोकाच्या दोन पट्ट्या मी मुद्दाम रुंद धरतो, ५५ च्या आसपास, कारण भिंतीचा वाकडेपणा त्या दोघींनी पोटात घ्यायचा असतो आणि रुंद पट्टीत आठ मिलिमीटरचा निमुळतेपणा हरवून जातो. ४८ मधल्या पट्ट्यांचे १९२०, दोन टोकांचे ११०, उरले १०१८, त्यात ४९ फटी. फट आली २०.८. हा आकडा गणितात विचित्र वाटतो, पण १९ च्या प्लायला सनमायकाचा १ चा आणि ०.८ चा तुकडा चिकटवला की बरोबर २०.८ चा ठोकळा तयार. असे चार ठोकळे करा, दोन वर, दोन खाली धरायला.

पण नुसत्या ठोकळ्यावर विसंबायचं नाही, दापोली आठवा. भिंतीच्या मध्यावर ओळंब्याची रेघ मारा आणि तिच्यापासून दोन्हीकडे निघा. ४८ पट्ट्या म्हणजे मध्यावर फट येते. रेघेपासून दहाव्या पट्टीची बाहेरची कड ५९७.६ वर यायला हवी. आधीच आडव्या पट्ट्यांवर ती खूण करून ठेवा, तशीच विसाव्या पट्टीची. ठोकळ्याने चालत चालत खुणेपाशी पोचलात आणि मिलिमीटरभर चुकलात, तर पुढच्या तीन-चार फटींत तो फरक जिरवा. एका कोपऱ्यापासून खुणांशिवाय निघाला असतात, तर पन्नासाव्या पट्टीला तोच फरक पाच मिलिमीटर झालेला असता.

मधल्या पट्ट्यांना मी समोरून दीड इंची खिळे मारतो, डोकं पक्कडीने उडवलेले, आधी बारीक बिटाने भोक पाडून. सागाच्या टोकाशी भोक न पाडता खिळा मारलात तर चीर पडलीच समजा. खिळा पंचाने दोन मिलिमीटर आत बसवायचा आणि त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचा. पिन गन असेल तर चांगलंच.

टोकाच्या दोन पट्ट्या शेवटी. या कामातला खरा हात इथे दिसतो, म्हणून ही दोन लाकडं दिवस उजेडाचा असताना करा. पट्टी आधी ६५ रुंद कापून घ्या. शेजारच्या पट्टीपासून २०.८ सोडून आडव्या पट्ट्यांवर खूण करा. टोकाच्या पट्टीची आतली कड शेवटी त्या खुणेवर यायची आहे. आता ६५ ची पट्टी ओळंब्यात उभी धरून बाजूच्या भिंतीकडे सरकवा, भिंतीचा सगळ्यात पुढे आलेला भाग तिला टेकेपर्यंत, आणि दोन स्क्रूंनी तात्पुरती अडकवा. तिची आतली कड खुणेच्या पुढे आलेली असेल. किती, ते मोजा. आपल्या आकड्यांत मध्यावर जागा साधारण ५०.५ च आहे, म्हणजे कड १४.५ ने पुढे. शाळेच्या कंपासचं तोंड बरोबर १४.५ ला उघडून घट्ट करा. टोकदार पाय बाजूच्या भिंतीवर, पेन्सिलीचा पाय पट्टीवर, आणि वरपासून खालपर्यंत एका दमात उतरा. दोन्ही पाय सतत आडव्या रेषेत राहिले पाहिजेत. भिंत वळली म्हणून मनगट वळलं की माप बदललं. मनगटावर विश्वास नसेल तर कंपासला छोटी पाणसळ बांधा, मी सुरुवातीला बांधत होतो. सागावर पेन्सिल दिसत नाही, तर आधी पट्टीवर कागदी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर रेघ घ्या.

रेघेवर कापायचं नाही. रेघेच्या बाहेर मिलिमीटरभर सोडून जिगसॉने कापा, तेही करवत पाच अंश तिरकी करून, म्हणजे पाठीकडची बाजू थोडी आत जाईल आणि भिंतीला फक्त समोरची धार लागेल. मग छोटा रंधा, खोलगट जागी अर्धगोल कानस, शेवटी ठोकळ्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर. पट्टी जागेवर धरून बघताना भिंतीवर रंगीत खडू घासा. पट्टी टेकवून थोडी हलवली की जिथे लागते तिथेच खडू उमटतो. तेवढंच घासा, पुन्हा टेकवा. तीन खेपांत जमतं. पाचवी खेप लागली तर कंपास वाकडा धरला होता असं समजा आणि नवी पट्टी घ्या. अगदी करकचून भिडवू मात्र नका, व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी सैल ठेवा. साग हिरवा असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत आडवा पाच-सहा टक्के आकसतो. घरात बसल्यावरही ऋतूप्रमाणे त्याची हालचाल चालूच असते, ओलावा पाच टक्क्यांनी बदलला तर ५५ च्या पट्टीत अर्धा मिलिमीटर. ती जागा त्याला दिलीत तर तो गप्प राहतो. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नऊ फुटांची चिंता करू नका.

वरची टोकं माळ्याच्या फळ्यांना भिडवायचा आग्रह लोक धरतात. मी नाही म्हणतो. प्रत्येक फळी वेगळ्या उंचीला, मध्ये तुळया, पन्नास टोकं पन्नास मापांची कापावी लागतील आणि तरी एखादी फट उरेल. वर इंचभर जागा सोडून सगळ्या पट्ट्या पाणसळीत एका रेषेत थांबवा. वरचा वाकडेपणा सावलीत जातो आणि हौसेने ठेवल्यासारखं दिसतं. खालीही अर्धा इंच सोडा. ओटी धुतली जाते, आणि लाकडाचं कापलेलं टोक नळीसारखं पाणी ओढतं.

लाकडाबद्दल दोनच गोष्टी, कारण लाकूड निवडणं हा वेगळा विषय आहे. एक, पट्ट्या आणल्या की त्याच खोलीत, प्रत्येक थरात रिपा घालून, निदान तीन आठवडे रचून ठेवा. वाकायच्या त्या तेवढ्यात वाकतात, त्या बाजूला काढा. दुसरी, पॉलिश चारही बाजूंना आणि दोन्ही टोकांना, बसवायच्या आधी. फक्त समोरून केलं तर पाठीकडून ओल आत जाते, पुढून नाही, आणि पट्टी पन्हाळीसारखी वळते. आडव्या पट्ट्यांना आणि सगळ्या कापलेल्या टोकांना वाळवीचं औषध ब्रशने दोनदा. मातीच्या सांध्यांच्या भिंतीत वाळवी आधीपासून राहायला असू शकते.

भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर वायरमनला पहिल्याच दिवशी बोलवा. आडवी पट्टी, पॅकिंग आणि उभी पट्टी मिळून भिंत जागोजागी दीड ते दोन इंच पुढे येणार, बोर्डाची पेटी तेवढी पुढे आणावी लागते. शिवाय जुन्या घरात वायरी गिलाव्यातून कुठून गेल्यात हे कोणाच्या बापाला ठाऊक नसतं. ड्रिल लावायच्या आधी मेन बंद.

डावीकडच्या कोपऱ्याजवळच्या तीन पट्ट्या खिळ्यांनी ठोकू नका. त्या पितळी स्क्रूने लावा, स्क्रूचं डोकं दिसलं तरी दिसू दे. दर वर्षी गणपतीला घरी आलात की तेवढ्या तीन काढा, बॅटरी मारून मागे बघा: मातीची वाळवीची नळी वर चढतेय का, खालच्या आडव्या पट्टीला काळा डाग धरलाय का, पीव्हीसीचा एखादा तुकडा खाली पडलाय का. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तो स्क्रूड्रायव्हर घरातच ठेवा, ठाण्याला नेऊ नका.